ताण कोणी तोडायचा

१२ नोव्हेंबर, बुध.
अकोल्याहून काळेंचा फोन. पुस्तकाचं काम त्यांच्याकडे आहे. शाळेच्या मुलांसाठी शास्त्रीय शब्द, कुठून आले, कसे बदलले. चाळीस शब्द मी लिहायचे, तेवीस झालेत. आज म्हणाले, "मॅडम, 'प्रतिबल' काढून टाका. कोणी वापरत नाही. त्याऐवजी 'ताण' घ्या, तो सगळे वापरतात."
सगळे वापरतात तो शब्द शास्त्रीय कसा, हे विचारायचं राहून गेलं. घेतला.
बोलताना आवाज घोगरा येत होता. "सर्दी झाली का?" त्यांनी विचारलं. हो म्हटलं. सर्दी नाही. कालपासून तोंडच उघडलं नव्हतं.

१४ नोव्हें., शुक्र.
खालच्या मजल्यावरच्या क्लासने नवा बोर्ड लावला. 'ताणमुक्त तयारी, खात्रीचा निकाल.' अमरावतीत एकट्या राजापेठेत असे पाच-सहा तरी असतील, पण आता माझ्या जिन्यालाच. दुपारी मास्तर माइकवर शिकवतो, माझी फरशी थरथरते. आज स्थितिस्थापकता होती. स्ट्रेस, स्ट्रेन, स्ट्रेस, स्ट्रेन. मराठी एकही शब्द नाही.
मी शिकवायची तेव्हा स्ट्रेस म्हणजे प्रतिबल, स्ट्रेन म्हणजे विकृती. 'विकृती' म्हटलं की मागचे बाक हसायचे. दरवर्षी, त्याच जागी. मी दरवर्षी रागवायची. आता कोणी हसलं तर बरं वाटेल.

१८ नोव्हें., मंगळ.
वाचनालयात दिवस गेला. 'ताण'ची नोंद.
मूळ धातू तन्, ताणणे, पसरणे. तंतू त्यातलाच. गाण्यातली तान त्यातलीच. मागावरचा उभा धागा तो ताणा. तंबूची दोरी तणावा. म्हणजे आपला शब्द दोरीतून आला. पृष्ठताण वगैरे नंतरचं, पुस्तकातलं.
इंग्रजी 'स्ट्रेस'ची गोष्ट उलटी. तो आधी माणसाच्या हालअपेष्टांचा शब्द. मग इंजिनिअरांनी उचलला, पुलांना आणि लोखंडी कांबींना लावला. त्यानंतर वैद्यकाने तो शरीरासाठी परत आणला आणि शरीरातून तो मनावर गेला. तिथून मराठीत येताना त्याला आपला दोरीवाला 'ताण' सापडला.
छान जमतंय. कोणाला तरी सांगावंसं वाटलं. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, साडेपाच झाले, बंद करतेय.
घरी येऊन वरूडला दादाला फोन केला. सहाव्या रिंगला उचलला.
"काय करून रायला?"
"काही नाई. बाग ताणावर टाकली."
"जेवला?"
"हो."
बस. वहिनी होती तेव्हा फोन तीच घ्यायची, अर्धा तास जायचा. दादा मागून ओरडायचा, बेबीले सांग हे, बेबीले सांग ते. तिच्यातूनच आम्ही दोघं बोलायचो, इतकी वर्षं. हे श्रावणात कळलं, ती गेल्यावर.

१९ नोव्हें.
काल दादा बोलला तो ताण तर मी नोंदीत घेतलाच नाही! संत्र्याची बाग ताणावर सोडणे. पाणी तोडायचं, महिना-दीड महिना. झाड वाढ थांबवतं, पानं पिवळी पडतात, थोडी गळतात. मग पाणी देऊन ताण तोडला की सगळ्या झाडाला एकदम फुलं येतात. हा खरा तांत्रिक शब्द, पुस्तकाबाहेरचा. शेतकऱ्याच्या घरी जन्मले, पदार्थविज्ञान शिकवत जन्म गेला, आणि हा शब्द वाचनालयात शोधत बसले.

२७ नोव्हें., गुरू.
प्रणिताचा फोन, अकोल्याहून. दादाची एकुलती एक. तिथे शाळेत शिकवते, सासर तिथलंच.
"आत्या, बाबा फोन उचलत नाहीत. मागच्या महिन्यात डॉक्टरकडे नेलं होतं, गोळ्या घेत नाहीत. त्यांना खूप ताण आलाय."
मी म्हटलं, "ताण नको म्हणू गं. दुःख म्हण. ताण वेगळा." आणि सांगायला लागले, दोरी, तंबू, तणावा. सांगतच गेले.
शेवटी ती म्हणाली, "तू शब्द तपासतेयस आत्या. मी माझ्या बापाबद्दल बोलतेय."
ठेवला तिने.

९ डिसेंबर, मंगळ.
अकोला. सकाळची एसटी. काळेंना तीस शब्द दिले. खूश झाले. म्हणाले, "'ताण' जरा खुसखुशीत करा. आजकालची फॅशन वगैरे. मुलांना आवडतं."
दुपारी प्रणिताकडे. रागावलेली नव्हती, किंवा दाखवलं नाही. चहा दिला, मग डॉक्टरांकडची हकीकत सांगितली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं, ताण. दादाने वाचलं आणि हसायला लागला. म्हणाला, "मले ताण? मॅडम, मी ताण देनारा मानूस हाओ. चाळीस वर्षं झाले, झाडाले देऊन राह्यलो." आणि उठून बाहेर आला. बसस्टँडपर्यंत हसत होता. गाडीत बसल्यावर रडला. प्रणिता म्हणाली, तिने बापाला आधी रडताना पाहिलं नव्हतं.
"तू जाऊन राहा ना आत्या, चार दिवस."
बघते म्हटलं. पुस्तकाचं काम आहे म्हटलं.
येताना मूर्तिजापूरपर्यंत उभी होते. बरं झालं. विचार करायला जागा नव्हती.

२१ डिसें., रवि.
'ताण' पूर्ण. उरलेल्या शब्दांसोबत काळेंना पाठवला. शेवटी त्यांना हवं तसं घातलं: "आजकाल जो उठतो तो ताण ताण करतो. ज्याला ना दोर, ना भार, त्याला ताण कसला?" वाचताना स्वतःशी हसले.
काळेंचं लगेच उत्तर. वा मॅडम.

१ जानेवारी, गुरू.
क्लासला सुट्टी. फरशी शांत. फोन आले दोन: एक बँकेचा, एक चुकीचा. चुकीच्या माणसाने सॉरी म्हटलं, मी नवीन वर्षाच्या शुभेच्छा दिल्या. तोही बिचारा थांबला, म्हणाला, तुम्हालाही आजी.

६ जाने., मंगळ.
वरूड. आले शेवटी. प्रणिताने काल सांगितलं की चार दिवसांत बाबांचा फोन एकदाही लागला नाही. सकाळी पिशवी भरली.
मोर्शीपासून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्री. काही बागांत पाणी सुटलेलं, बुंधे ओले, काळी माती चमकत होती. आपल्या बांधापाशी उतरले तर सगळं कोरडं. पानांची वाटी झालेली. पिवळा सडा. थोडी पानं गळणार हे माहीत होतं. ही थोडी नव्हती.
दादा ओट्यावर बसला होता. बघितलं, उठला नाही. "आली?" एवढंच. दाढी वाढलेली. घर स्वच्छ. चुलीपाशी एकच ताट, धुऊन पालथं घातलेलं.
वहिनीच्या जागेवर बसले नाही. दारात बसले.

७ जाने., बुध.
सुमनबाई भेटल्या. वीस वर्षं बागेत कामाला, वहिनीबरोबरच निंदणं-तोडणं केलेलं. मला बांधाआड नेलं आणि हळू बोलल्या, "ताई, भाऊ पानी सोडून नाही रायले. दहा दिस वर झाले. पान गळून रायलं, आता फांदीबी वाळन. म्या दोनदा सांगतलं. आयकतच नाहीत."
संध्याकाळी दादाला विचारलं. इथे आलं की माझी भाषा आपोआप बदलते.
"दादा, काहून पाणी नाही सोडलं?"
त्याने पायाशी पडलेलं पान उचललं. मग, "तुयी वहिनी सांगे."
"काय सांगे?"
"कवा तोडाचा ते. ताण मी देओ. तोडाचा तिनं सांगाचा. सकाळी बागेत जाये, पान पाह्ये, म्हने आज नाई. उद्या बी, आज नाई. मंग एक दिस म्हने, आज सोडा. कवाच चुकली नाई. मले द्याचं मायीत हाय, बेबे. तोडाचं नाई मायीत."
मी म्हटलं, अंदाजाने सोड. पुस्तकं आहेत, कृषीवाल्यांना विचारू.
"चुकलं म्हंजे?" म्हणाला. "तिचं एकबी साल चुकलं नाई."

८ जाने., गुरू.
सकाळी सुमनबाईंना विचारलं, वहिनी पान पाहायची म्हणजे काय करायची?
"पाहत नव्हत्या. गालाले लावत. नवाच्या उन्हात. गार लागलं तं म्हनत अजून दम हाय झाडात. गार नाई लागलं का म्हनत, सोडा."
मी तिथे बांधावरच बसले. पान पाणी बाहेर टाकतं म्हणून उन्हातही गार राहतं. पाणी संपत आलं की झाड पानाची छिद्रं मिटतं, बाष्पीभवन थांबतं, पान तापतं. बाष्पीभवनाने गारवा येतो हे मी किती वर्षं फळ्यावर लिहिलं, माठाचं उदाहरण देऊन. वहिनी सातवी शिकलेली. ती ते गालाने मोजायची. दर दिवाळीला मी इथे यायची, तिच्या हातचं खायची, तिला कधी विचारलं नाही की तू बागेत काय करतेस. तीच विचारायची, ताई, तुमी कालेजात काय शिकवता? मी सांगायची, तुला नाही कळणार.
नऊला बागेत गेले. पहिल्या ओळीतलं एक पान गालाला लावलं. गरम. दुसरं. गरम. दहा-बारा झाडं पाहिली. सगळी.

९ जाने., शुक्र.
दादाला न सांगता केलं.
दिवसाची लाइन साडेआठला आली. सुमनबाईंनी विहिरीवरची मोटर लावली, मी ठिबकचे सगळे व्हॉल्व्ह उघडले, पूर्ण. मला वाटलं, तहानलेल्याला पाणी देतेय. दोन तास गेले असतील. बुंध्यांभोवती तळी साचली.
दादा धावत आला. तो धावू शकतो हे मी विसरले होते. एकेक व्हॉल्व्ह बंद करत गेला आणि ओरडत गेला. "पयलं पानी हलकं असते! हलकं! आंबवनी म्हंतेत त्याले! एवढं पाजलं तं फुलाआंधी पालवीच फुटते! मंग चार दिसानं दुसरं, मंग भरपूर. तुले काय मायीत हाय? किताबातलं?"
मी म्हटलं, "तू तर काहीच करून नव्हता राहिला! मारणार होता बाग!"
"मेली तं मेली. मायी हाय."
"वहिनीची पण आहे."
थांबला. हात चिखलात. मग ज्या आवाजात बोलला तो मी कधी ऐकला नव्हता, ओरडणं नाही, साधाच.
"तेरावं झालं. चौदाव्या दिसी तू पयाली. म्हने काम हाय. काय काम होतं बेबे तुले?"
काम नव्हतं. पुस्तक तर दिवाळीनंतर आलं. मला ते घर सोसत नव्हतं. ती नसलेलं. दादा आणि मी समोरासमोर, आणि मध्ये बोलणारं कोणी नाही. हे सगळं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "काही नव्हतं."
"मले वाटलंच," म्हणाला.
सुमनबाई तिथेच उभ्या होत्या, मोटरीच्या पेटीला टेकून. त्यांनी पदर डोळ्याला लावला.

१० जाने.
दादा बोलत नाही. मात्र सकाळी बागेत गेला. पाण्याच्या तळ्यांना चर काढून वाट करून दिली. एकटाच. मी गेले तर फावडं पुढे केलं. बोलला नाही, पण पुढे केलं. अकरापर्यंत ओढलं. तळहाताला फोड.

१२ जाने., सोम.
काळेंना फोन केला. 'ताण'मधलं शेवटचं वाक्य काढा म्हटलं. ना दोर ना भार, ते.
"मॅडम, तेच तर सगळ्यांना आवडलंय. आणि ती पानं छपाईला गेली."
थांबवता येणार नाही?
"पुढच्या आवृत्तीत बघू."
अशा पुस्तकांना पुढची आवृत्ती नसते. म्हणजे ते वाक्य माझ्या नावावर राहील. प्रणिताच्या शाळेतही जाईल. वहिनीचं गालाला लावलेलं पान कुठेच नाही त्या पुस्तकात.
प्रणिताला फोन करून स्वतःच वाचून दाखवलं, म्हटलं हे मी लिहिलंय, छापून येतंय. ती म्हणाली, "वाचून दाखवलं नसतंस तर बरं झालं असतं." मग थोड्या वेळाने, "सांगितलंस ते बरं केलं." दोन्ही खरं असावं.

१४ जाने., बुध. संक्रांत
दुसरं पाणी. दादाने दिलं. मला व्हॉल्व्हजवळ उभं केलं, किती फिरवायचा ते बोटाने दाखवलं. दुपारी तीळ भाजले, गूळ कडक झाला. दादाने एक लाडू दाताने फोडायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, "हे विहिरीत टाक, मोटर बंद पडन." श्रावणानंतरचं पहिलं वाकडं बोलणं. मी इतकी हसले की त्याला वाटलं मला काही झालं.

२० जाने., मंगळ.
परत अमरावती. निघताना म्हटलं, राहू का अजून? "तुयं तू पाय." म्हणजे काय, बसमध्ये मोर्शीपर्यंत तेच. राहा म्हणाला, का जा?
एक ठरलं. दादा डॉक्टरीणबाईंकडे येणार. "येतो. पन त्याइले म्हना कागदावर थो शबूद नोको लिहा." का, विचारलं. "थो झाडाचा हाय. झाडाले आपन देतो, फूल यावं म्हनून. मले कोनं देल्ला? कायच्यासाठी?"
शब्द इकडून तिकडे गेला हे मी लिहू शकते. जाताना त्याचं काय मागे राहिलं, ते दादाने विचारलं.
घरी धूळ. खाली मास्तर चालू, आज उष्णता.

२ फेब्रु., सोम.
दादाचा फोन, त्याने स्वतः केलेला. नवी फूट आली म्हणाला, पण पालवी किती आणि कळी किती ते आठ-दहा दिवस कळायचं नाही. पश्चिमेच्या दोन ओळी गेल्याच. बाकीचं सांगता येत नाही. एवढं सांगून झाल्यावर ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तिकडे कुत्रं भुंकत होतं, ते दोघांनी ऐकलं. मग म्हणाला, "गुरुवारी किती वाजताची गाडी?"

५ फेब्रु., गुरू. अकोला
दवाखान्याच्या बाकावर लिहितेय.
सकाळी दादा वरूडहून अमरावतीला आला, तिथून दोघं एसटीने. दाढी केलेली, कानाजवळ कापलेलं. वाटेत खिडकीतून शेतं पाहत होता, तूर कोणाची बरी, कोणाची नाही. बडनेरा गेल्यावर एकदा म्हणाला, परत जाऊ का. म्हटलं, तुझं तू पाहा. बसून राहिला.
नंबर लागला. दोघं आत गेलो. डॉक्टरीणबाई प्रणिताच्याच वयाच्या. "काय होतंय, काका?"
दादाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, शब्द मागतोय. सगळे तयार होते माझ्याकडे. बोलणार एवढ्यात म्हणाला, "बेबे, तू बाहीर बस."
आले बाहेर. दार जाड आहे. शब्द कळत नाहीत, आवाज तेवढा कळतो. आधी बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, हसून उठून येईल मागच्यासारखा. मग दादाचा आवाज. थांबला. परत सुरू झाला.
समोरची बाई विचारते, तुमचं कोण आहे आत? भाऊ म्हटलं. तिचा मुलगा आहे, पुढचा नंबर त्याचा. एवढंच बोललो.
पंचवीस मिनिटं.
प्रणिता शाळेतून आली, धापा टाकत. दाराकडे बघून हळूच विचारलं, "काय सांगतायत बाबा?"
"माहीत नाही," म्हटलं. "पण बोलून रायला."